दुधाची पिशवी वाळवायची कुठे?

कोलशेतच्या सोसायटीतून आलेलं पोतं उघडलं आणि अख्खी शेड नाक दाबून बाहेर पळाली.

वागळे इस्टेटमधल्या आमच्या युनिटमध्ये दुधाच्या पिशव्या वितळवून त्यांचा दाणा करतात. दाणा म्हणजे साबुदाण्याएवढे प्लास्टिकचे मणी. त्यापासून पुढे पाइप वगैरे बनतात. पिशव्या घाण आल्या की दाणा वाया. सोसायट्यांकडून माल आणणं माझ्याकडे.

"मॅडम, पुढची खेप अशीच आली तर कोलशेतची गाडी बंद," युनिटचे सर म्हणाले.

"सर, एकदा बंद केली की लोक परत सगळं डस्टबिनमध्येच टाकणार. पुन्हा कोणी ऐकणार नाही."

"मग धुवायला सांगा ना त्यांना!"

मी तणतणत सुलभाताईंकडे गेले. या निवृत्त शिक्षिका. कोलशेतच्या त्या सोसायटीत दारोदार फिरून पिशव्या गोळा करणं त्यांनीच सुरू केलेलं.

"अगं, धुतो आम्ही! हे बघ." त्यांनी माझ्यासमोर पिशवी उभी कापली, स्वच्छ धुतली, झटकली आणि दारामागे लटकवलेल्या पिशवीत कोंबली. आपल्या प्रत्येक घरात असते ती, पिशव्यांची पिशवी. आत सगळ्या ओल्या, आठवडाभर एकमेकींत घुसमटलेल्या. वास येणार नाही तर काय होणार?

"ताई, वाळवत नाही?"

"कुठे वाळवू? बाल्कनीत काही लटकवलं की सेक्रेटरीची नोटीस. टॉवरचा लुक जातो म्हणे." त्यांनी हात पदराला पुसले. "लोक मला कचरेवाली टीचर म्हणून हसले गं. आता गाडी बंद झाली तर तोंड कसं दाखवू?"

मी भांडायला गेलेले. मलाच भरून आलं.

"मग काय, इथे लावू?" म्हणत त्यांनी वैतागून एक ओली पिशवी सिंकवरच्या टाइलवर थापली. ती तिथेच चिकटली. आम्ही दोघी बघतच राहिलो. चहा झाला, सेक्रेटरीची यथेच्छ निंदा झाली, तोवर पिशवी वाळून आपोआप खाली पडली.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर टाइल्सवर थापलेल्या पिशव्यांचा फोटो गेला.

पुढच्या पोत्यात सरांनी स्वतः हात घातला, वास घेतला. "चालू ठेवा," एवढंच म्हणाले. तळाशी चार-पाच ओल्या होत्याच. त्या मी गुपचूप काढल्या आणि ताईंना फोन लावला. त्या नुसत्या हसत होत्या.

रिसायकलिंग का करायचं, हे लोकांना आधीच पटलेलं असतं. आता मी नव्या सोसायटीत गेले की स्लाइड्स दाखवत नाही. कोणाचं तरी किचन मागते.