बोटीवरचं प्रॅक्टिकल

माशांचे खवले कधी आणि कुठे चिकटतात ते कळतच नाही. आंघोळ करून, केस धुऊन, इस्त्रीचा कुर्ता घालून इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला जावं, आणि कुठल्या तरी काकूंनी कोपराकडे बोट दाखवून विचारावं, "अगं, हे काय चमकतंय?" या किश्श्यांचंही तसंच झालंय. मी ते जमवले नाहीत. दोन उन्हाळे बोटीवर काम केलं, ते चिकटले. मैत्रिणी भेटल्या की म्हणतात, "यार, तो केळ्यांचा सांग ना." मी सांगते, त्या हसतात, मीही हसते. पण यातल्या एकाही प्रसंगात मी तेव्हा हसत नव्हते. धरणी दुभंगेल तर बरं, असं वाटत होतं. आणि तिथं तर धरणीही नव्हती, खाली पाणी होतं.

*

आधी बोटीबद्दल. मिशिगन लेकला लेक म्हणायचं एवढंच, पलीकडचा किनारा काही दिसत नाही. आमच्या गावच्या धक्क्यावर वॉल्टची बोट असते. सामन आणि ट्राउट धरायला लोक ती अर्ध्या दिवसाच्या भाड्यानं घेतात, एका वेळी जास्तीत जास्त सहा जण. वॉल्ट बोट चालवतो आणि मासे कुठे असतील ते ठरवतो. बाकी सगळं माझ्याकडे. गळ लावायचे, शिशाचे जड गोळे बांधून ते खोल सोडायचे, काठी वाकली की पाहुण्याच्या हातात द्यायची, मासा जवळ आला की जाळीत घ्यायचा, आणि परत आल्यावर धक्क्यावरच्या टेबलावर तो साफ करून पिशवीत भरून द्यायचा.

तेव्हा मी कॉलेजात बायॉलॉजी करत होते. हा जॉब मिळाला, तसं घरी जेवताना सांगितलं. आई म्हणाली, "आपल्यात कोणी असली कामं करत नाही."

मी विचारलं, आपल्यात म्हणजे नक्की कुणात? ताटात सुरमई आली की आपण कोण असतो?

बाबा भात कालवत राहिले. मला वाटलं, चला, हे तरी माझ्या बाजूचे आहेत. पुढच्याच शनिवारी मंडळात शरदकाकांनी त्यांना विचारलं की लेक सुट्टीत काय करते. शरदकाका मंडळाचे अध्यक्ष, त्यांची मुलगी मेडिकलला. बाबांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "लेकवर प्रॅक्टिकल चालू आहे तिचं."

मी शेजारीच उभी होते. हातात समोसे होते म्हणून गप्प बसले. पण तेव्हाच ठरवलं की बाबांना एकदा बोटीवर आणायचंच. भल्या मोठ्या सामनला मी जाळीत घेताना त्यांनी एकदा बघितलं, की हा शब्द पुन्हा त्यांच्या तोंडून निघणार नाही, अशी माझी खात्री होती.

*

वॉल्टचा बाईमाणसाला आक्षेप नव्हता. त्याचा आक्षेप होता केळ्यांना. बोटीवर केळं आलं की मासा लागत नाही, हे त्याचे वडील सांगत, आजोबा सांगत. मी त्याला म्हटलं, ही अंधश्रद्धा आहे. तो म्हणाला, "असेल. पण केळं नाही."

त्या पहिल्याच उन्हाळ्यात, ऑगस्टमध्ये, मंडळाची ट्रिप होती, शरदकाकांनी ठरवलेली. मार्चमध्येच बुक केली, कारण मार्चमध्ये डिस्काउंट होता. पंचांग काही कोणी बघितलं नाही. शनिवारी पहाटे सहा जण धक्क्यावर उतरले तेव्हा उलगडा झाला, की हा श्रावणातला शनिवार आहे आणि त्यातल्या चौघांचा उपास आहे, उरलेले दोघे श्रावण पाळतात. मासेमारीला निघालेले सहा जण, आणि मासा खाणारा एकही नाही! आणि कुमुदकाकूंच्या, म्हणजे शरदकाकांच्या बायकोच्या पिशवीत उपासाची केळी. घडच्या घड.

वॉल्टनं पिशवीत डोकावून बघितलं आणि इंजिन बंद केलं.

मी मराठीत समजावलं, केळी गाडीत ठेवा. कुमुदकाकू म्हणाल्या, गाडी उन्हात तापेल, काळी पडतील. शरदकाका म्हणाले, आपण पैसे भरलेत, केळ्याचा काय संबंध? मग ते वॉल्टला केळ्यातल्या पोटॅशियमबद्दल इंग्रजीत सांगू लागले. वॉल्ट टोपी डोळ्यांवर ओढून बसून राहिला. शेजारच्या बोटी एकेक करून निघून गेल्या. त्यांच्यावरचे लोक जाता जाता आमच्याकडे बघत होते. मी दोरीची गाठ पुन्हा पुन्हा सोडत होते आणि बांधत होते.

शेवटी तोडगा निघाला. टाकायची नाहीत, गाडीत ठेवायची नाहीत, बोटीवर न्यायची नाहीत, तर मग खाऊन टाकायची. ज्यांचा उपास नव्हता त्यांनीही खाल्ली. सहा प्रौढ माणसं धक्क्यावर ओळीनं उभी राहून निमूटपणे केळी खाताहेत, असं दृश्य त्या बंदरानं त्याआधी पाहिलं नसेल.

मग आम्ही निघालो. त्या दिवशी उत्तरेचा वारा होता आणि लाटा बऱ्यापैकी मोठ्या होत्या. अर्ध्या तासात सगळ्यांत आधी शरदकाका कठड्याकडे धावले. ते काही कठड्यापर्यंत पोचले नाहीत. मग बाकीचे.

मी बादलीनं डेक धूत होते. वॉल्ट वळून बघत म्हणाला, "मी सांगितलं होतं ना, केळी बोटीवर येता कामा नयेत."

*

वॉल्टचा सिद्धांत त्या दिवशी साफ खोटा ठरला, कारण मासे लागले. तेही असे, की मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. सगळ्यात मोठा सामन लागला कुमुदकाकूंना, कडक उपासात. त्या काठी छातीशी धरून ओरडत होत्या, "सोडा हो त्याला, शनिवार आहे!" आणि रीळ मात्र सोडत नव्हत्या.

साफ केल्यावर पिशव्या घ्यायला कोणी पुढे येईना. मग शरदकाका माझ्याकडे बघून म्हणाले, तुमच्या गॅरेजमध्ये मोठा फ्रीझर आहे ना, राहू दे तिथं, श्रावण संपला की नेऊ.

श्रावण संपला. लगेच गणपती आले. गणपती गेले, पितृपंधरवडा लागला. तो सरला, नवरात्र बसलं. दसऱ्यानंतर कोजागरीला सगळे आमच्याकडेच जमले, मी चावी घेऊन गॅरेजकडे निघालेसुद्धा, तर कुमुदकाकू म्हणाल्या, "अगं, आज दूध आहे. दुधावर मासा?" मग दिवाळी. दिवाळीच्या फराळात सामन कुठे बसवणार?

बर्फ पडायला लागल्यावर वॉल्टनं सहज फोन केला. तुझ्या लोकांना मासा आवडला का?

मी म्हटलं, "अजून मुहूर्त नाही लागला."

*

दुसऱ्या उन्हाळ्यात शरदकाका पुन्हा आले, या वेळी ऑफिसच्या मंडळींबरोबर, जून महिन्यात, आणि बिनकेळ्यांचे. परत आल्यावर मी टेबलाशी उभी राहून ट्राउट साफ करत होते. रबरी एप्रन, हात कोपरापर्यंत लाल, डोक्यावर सीगल पक्षी कलकलताहेत. शरदकाका जवळ आले आणि गंभीर आवाजात मराठीत विचारलं, "प्रॅक्टिकलमध्ये हेसुद्धा असतं का गं?"

त्यांना सगळं ठाऊक होतं. मंडळात सगळ्यांनाच ठाऊक होतं. मी वॉल्टकडे पगारावर आहे, पाहुण्यांची उलटी धुते, टिप घेते, हे ठाऊक नसलेला एकही माणूस नव्हता. पण बाबांनी एकदा प्रॅक्टिकल म्हटलं ना, मग प्रॅक्टिकल. आपल्या मोठ्या माणसांचं हेच मला कळत नाही. खोटं एकजण बोलतो आणि बाकीचे ते देवघरातल्या समईसारखं विझू देत नाहीत.

मी चिडून म्हटलं, "पोट फाडल्याशिवाय त्यानं काय खाल्लं ते कसं कळणार, काका?"

पुढच्या शनिवारी मंडळात बातमी होती की माझं प्रॅक्टिकल संपलं असून आता रिसर्च सुरू झाला आहे. बाबांनी मान डोलावली. मला वाटलं, आता मी बोटीवर आणखी एक उन्हाळा काढला तर हे मला डॉक्टरेटही देऊन टाकतील!

*

आईचा विरोध मात्र कधीच मावळला होता. ती वॉल्टसाठी डब्यात पोहे पाठवायची आणि तो ते गळाच्या डबीशेजारी ठेवून चमच्यानं खायचा. खाता खाता विचारायचा, "तुझे बाबा कधी येणार? त्यांच्याकडून भाडं घेणार नाही, सांग त्यांना."

मी सांगायचे. बाबांचं एकदा गवत कापायचं असायचं, एकदा पाठ धरलेली असायची. एकदा म्हणाले, "मला पाण्याचा त्रास होतो गं."

ते जिना चढून वर गेल्यावर आई भांडी घासता घासता माझ्याकडे न बघता म्हणाली, "सांगलीला असताना पुरात कृष्णा पोहून जायचे."

*

आणि आता शेवटचा. हा मी मैत्रिणींना सांगत नाही.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या अखेरीस बाबांचे कॉलेजातले मित्र वसंतराव भारतातून आले. तिकडे मोठे अधिकारी, इकडे सरकारी दौऱ्यावर. त्यांना लेक बघायचा होता. शरदकाकांनी सगळं आपल्या अंगावर घेतलं, बाबांना फक्त म्हणाले की लेकवर जाऊ या, आणि वॉल्टची बोट स्वतःच्या नावानं बुक केली. सरप्राइज म्हणून. चांगल्या मनानं केलं असेल, मी नाही म्हणत नाही.

सकाळी मी बर्फ भरत होते. शरदकाकांची गाडी थांबली आणि मागच्या दारातून बाबा उतरले. टाय लावून. बोटीवर जायला टाय! मी खोरं तिथंच टाकलं. वॉल्ट आत इंजिनपाशी होता, त्याला ओरडून सांगणार होते की बघ, कोण आलंय. पण म्हटलं, आधी बाबांना हात धरून आणू.

मी फळ्यांवरून हात पुढे करून चालत गेले. तेवढ्यात वसंतराव मोठ्यानं म्हणाले, "मधू, तुझी सायंटिस्ट मुलगी कुठंय रे? दोन वर्षं पत्रांतून नुसतं वाचतोय."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. एप्रनकडे, बुटांकडे, टोपीकडे.

"लॅबमध्ये असते," ते म्हणाले. "आज सुट्टी नाही मिळाली तिला."

माझा हात पुढे केलेलाच होता. तोच मी वसंतरावांना बोटीत चढायला दिला. शरदकाका पाण्याकडे बघत म्हणाले, "हवा फार छान आहे आज."

मी तोंडाळ आहे. हे सगळं गाव सांगेल. त्या दिवशी मी 'येस सर' आणि 'नो सर' यापलीकडे काही बोलले नाही. काठ्या लावल्या, गोळे सोडले. बाबा कोपऱ्यात टाय सांभाळत बसले होते. बोट कितीही हलली तरी त्यांना काही झालं नाही. पाण्याचा जरासुद्धा त्रास झाला नाही.

मग उजवीकडची काठी एकदम पाण्यापर्यंत वाकली. मी ती वसंतरावांच्या हातात दिली. सामन मोठा होता, त्यानं त्यांना दमवलं, दोनदा बोटीखाली गेला. शेवटी तो बाजूला आला तेव्हा मी कठड्यावर गुडघा टेकून अर्धी बाहेर वाकले आणि एका झटक्यात त्याला जाळीत घेतलं. त्या दोन उन्हाळ्यांत माझ्या हातून इतकी स्वच्छ जाळी पडली नव्हती. वर घेऊन वळले तर बाबा उभे होते. हात पुढे आला होता, मी पडेन म्हणून बहुतेक. मी बघितलं, तसा त्यांनी तो खिशात घातला.

वसंतराव धापा टाकत मराठीत म्हणाले, "काय तयारीची पोरगी आहे रे! आपल्याकडची वाटते."

बाबा म्हणाले, "मेक्सिकन असेल."

धक्क्याला लागल्यावर मी मासा साफ करून पिशवी वसंतरावांच्या हातात दिली. त्यांनी माझे आभार मानले, शरदकाका खाली बघत गाडीकडे गेले. बाबा सगळ्यात शेवटी आले. पाहुणे देतात तशी, घडी घातलेली नोट त्यांनी माझ्या हातात ठेवली. हात ओला होता, माझा.

"थँक यू, मिस," ते म्हणाले.

"यू आर वेलकम, सर."

घरी पोचले तर आई दारातच उभी. बाबा अजून वसंतरावांना सोडायला गेले होते, पण कुमुदकाकूंचा फोन येऊन गेला होता. तिनं मला एप्रनसुद्धा उतरवू दिला नाही. "आले होते ना गं बोटीवर? बघितलं ना त्यांनी तुझं काम? काय म्हणाले?"

"आवडलं त्यांना," मी म्हटलं. "टिप दिली."