तिसऱ्या वेळेची वाट

फोन वहिनींचा, विलासच्या बायकोचा होता, म्हणूनच मी तो उचलला नाही. शाळेत प्रार्थना चालू होती, मुली ओळीत उभ्या होत्या आणि माझ्या खिशात तो थरथरत राहिला. नागपूरच्या दवाखान्यातून वहिनी सकाळच्या वेळी सहज म्हणून फोन करणार नाहीत, एवढं मला कळत होतं. पण जोवर मी ऐकत नाही तोवर विलास आहे, अशी काहीतरी पोरकट समजूत मी स्वतःची घालून घेत होतो. दुसऱ्यांदा वाजला तेव्हाही मी तो उचलला नाही. मग मुख्याध्यापकांच्या फोनवर निरोप आला. ते व्हरांड्यातून माझ्याकडे चालत येत होते आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायचं सोडून त्यांच्या चपलांकडे पाहत होतो. "गुरुजी, ते तुमचे पांढुर्ण्याचे मित्र..." एवढंच ते बोलले. या गोष्टीला आता सहा आठवडे होत आले. अजूनही फोन वाजला की मी आधी घाबरतो आणि मग नाव पाहतो.

भित्रा मी जन्माचाच आहे. विलासही तसाच, म्हणून तर आमचं जमलं. तो नदीपलीकडच्या सावरगावचा, मी अलीकडच्या पांढुर्ण्याचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवरून दोन गावांची दगडफेक, ती गोटमार, सुरू झाली की आमच्या वर्गातली निम्मी पोरं खिशात गोटे भरून नदीकडे धावायची, आणि आम्ही दोघं आदल्या दिवशीच मोहगावला माझ्या मामाकडे पसार झालेलो असायचो. मामी दरवर्षी तोंडाला पदर लावून हसायची आणि आमच्या ताटात एकेक पुरणपोळी जास्तीची वाढायची. त्या घरात बसून, नदी मैलोगणती लांब असतानाही, एखादा गोटा आपल्यापर्यंत येईल की काय असं आम्हाला वाटायचं. विलास तर कौलांवर चिंच पडली तरी दचकायचा.

पुढे मी सौंसरला मास्तर झालो आणि विलास पुण्याला जाऊन कॉम्प्युटरवरचे गेम तपासायला लागला. आमच्याकडे या नोकरीची फार थट्टा झाली. पोरगा खेळायचा पगार घेतो, असं त्याचे काका चारचौघांत म्हणायचे. पण मी त्याला काम करताना पाहिलं आहे, आणि ते खेळणं नव्हतं. ज्यांत एक अख्खा मुलूख उभा केलेला असतो, डोंगर, नद्या, गावं, आणि आपण वाटेल तिकडे भटकावं अशी मोकळीक असते, ते ओपन वर्ल्ड गेम त्याच्याकडे असायचे. बाजारात येण्याआधी त्यांतले दोष शोधायचे, हे त्याचं काम. टाळेबंदीच्या काळात कंपनीने घरून काम करायला सांगितलं, तेव्हा तो वहिनींना घेऊन पांढुर्ण्याला आला, घरातली मागची खोली त्याने घेतली आणि पुन्हा पुण्याला गेलाच नाही. दर रविवारी मी मोटारसायकलने त्याच्याकडे जायचो. पडद्यावर तो त्या मुलखाच्या कडेकडेने चालत असायचा. तासन्‌तास. मुलूख संपतो तिथे हवेतच एक न दिसणारी भिंत असते. समोर गवत दिसतं, डोंगर दिसतो, पण माणूस जागच्या जागी पाय हलवत राहतो. भिंतीला कुठे फट राहिली आहे का, हे विलासला दर चार पावलांवर ढकलून पाहावं लागे. मला ते बघवत नसे. मी म्हणायचो, "बंद कर बे, पोटात कसंतरी होऊन राहिलं." तो म्हणायचा, "मास्तर, मले बी होते. पण पगार याचाच हाय."

भिंतीतली फट, जमिनीत अर्धा रुतलेला माणूस, असले दोष कंपनी लगेच दुरुस्त करायची. विलासचा जीव मात्र दुसऱ्याच गोष्टींवर तुटायचा, ज्यांना कंपनी दोष मानायला तयारच नव्हती. एवढा मोठा मुलूख, पण दोन गावांच्या मध्ये काही नाही. सौंसरहून पांढुर्ण्याला येताना माणसाला किती गोष्टी भेटतात, संत्र्यांचे ढीग, रस्त्यातली म्हैस, ओळखीचा एखादा तरी. तिथे नुसतं गवत. नकाशावर मात्र गुळावर माश्या बसाव्यात तशा खुणा, आणि प्रत्येक खुणेपाशी तेच काम, पाच मुळ्या आणून द्या, पाच लांडगे मारा. पाऊस पडतो, पण अंगणातल्या मिरच्या उचलायला कोणी धावत नाही. गावातल्या प्रत्येक माणसाला एकच वाक्य दिलेलं असतं. किती वेळाही जा, तो तेच बोलतो, त्याच जागी मान वळवतो, त्याच जागी हसतो. विलास एकदा खुर्ची फिरवून मला म्हणाला होता, "आपल्या इथं गोटमारीत एखाद्याचं डोकं फुटलं तं त्याचे टाके पाहून गाव वीस वर्षं सांगते, हा कोणत्या सालचा म्हणून. आन् इथं मी आख्खं गाव जाळलं, आन् बाजूच्या गावचा दुकानदार मले म्हणते, या पाहुणे, आज हवा छान आहे! कोणालेच काही आठवत नाही बे..." बोलताना त्याने स्वतःच्या दंडांवरून हात फिरवला होता, थंडी वाजल्यासारखा. कंपनीकडून उत्तर यायचं की ही चूक नाही, रचनाच अशी आहे. तरी तो लिहीत राहायचा. सगळ्यात जास्त राग त्याला एका गोष्टीचा होता. गेममध्ये कोणीतरी रडत येऊन सांगतो की लवकर चला, माझा भाऊ जखमी होऊन पडला आहे. तुम्ही महिनाभर मासे पकडत बसलात तरी तो भाऊ त्याच दगडावर, त्याच जखमेनिशी, तुमची वाट पाहत जिवंत असतो. "इतकं खोटं कोणी सांगू नये," विलास म्हणायचा.

त्याच्या कामाचा एक नियम होता आणि तो त्याच्या हाडीमासी भिनला होता. दोष तीनदा दिसल्याशिवाय कळवायचा नाही. एकदा दिसलेला दोष कळवला की कंपनी परत पाठवायची, पुन्हा घडवून दाखवा म्हणून. तेव्हा पहिली वेळ सोडून द्यायची, दुसऱ्या वेळी नजर ठेवायची आणि तिसऱ्या वेळी लिहून टाकायचं. हाच नियम घरातही चालायचा. फ्रीज गुरगुरला, गाडीने आवाज केला, की वहिनींनी मेकॅनिकला बोलावायचं नाही, हा म्हणायचा, "थांब, आणखी दोनदा होऊ दे." वहिनी कपाळाला हात लावायच्या. मीही हसायचो.

श्रावणातला तो रविवार होता. नवीन गेममधला घोडा नदीत पोहून बाहेर येतो तो कोरडाठाक, अंगावर थेंब नाही, हे विलास मला रंगवून सांगत होता. आपल्या जाममधून साधी शेळी निघाली तरी चार माणसांचे कपडे भिजवते, असं म्हणून तो हसला, मांडीवर थाप मारली. मग आम्ही संत्र्याच्या भावाबद्दल बोललो, माझ्या बदलीबद्दल बोललो. आणि मग त्याने खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाला, "मास्तर, एक गंमत सांगतो. या नवीन गेममधला घोडा..." तीच वाक्यं. शेळीच्या आधी तसाच थांबला, तसाच हसला, तशीच मांडीवर थाप. मला वाटलं नक्कल करतोय. मी म्हणालो, "हे आत्ताच सांगितलं ना बे तू." त्याचं हसू तसंच राहिलं, पण त्याच्या मागचा माणूस जणू उठून गेला. तो पडद्याकडे वळला. नंतर अगदी हळू आवाजात म्हणाला, "एकदा झालं... आता नजर ठेवजो. पुन्हा झालं तं मले सांगजो, लपवू नको. तिसऱ्यांदा झालं की नागपूरले जाऊ, डोकं दाखवू. तोवर हिले काही बोलू नको, घाबरते ती." मी होकार भरला, हाव म्हणालो. हातात हात घेऊन म्हणालो.

खरं तर त्याच दिवशी त्याला उचलून नागपूरला न्यायला हवं होतं. कोणीही शहाणा माणूस हसेल, गेममधल्या दोषाचा नियम डोक्याला लावून बसलेली आम्ही दोन बावळट माणसं. पण खरं सांगतो, तो नियम ऐकून मला हायसं वाटलं होतं. अजून दोन वेळा शिल्लक होत्या.

दुसरी वेळ जामसांवलीला आली. शनिवार होता, मारुतीचं दर्शन घेऊन आम्ही बाहेर पायऱ्यांवर बसलो होतो. नारळाचा तुकडा चघळत त्याने घोड्याची गंमत सांगितली, आणि चपला घालता घालता परत सांगायला लागला. बोलता बोलता तो थांबला आणि माझ्याकडे रोखून पाहत म्हणाला, "मी हे सांगितलं का तुले?" आजूबाजूला माणसं होती, ऊन होतं, कोणीतरी मागे घंटा वाजवत होतं. मी म्हणालो, "नाही, सांग ना." आणि त्याने सांगितलं. मी शेळीपाशी हसलोही. तिसरी वेळ दिवाळीच्या आधी त्याच्या खोलीत आली आणि तीही मी गिळली. चौथी, पाचवी... पुढे मी मोजायचं सोडलं. तिसरी म्हणजे नागपूर, नागपूर म्हणजे डोकं तपासायचं यंत्र, आणि यंत्रातून बाहेर येईल ते मला ऐकायचं नव्हतं. मी त्याच्याशी सतत बोलत राहायचो, त्याला गोष्ट सांगायची जागाच मिळू नये म्हणून. एकदा तो आपण होऊन म्हणाला, "किती दिवस झाले मास्तर, पुन्हा नाही झालं ना?" मी नाही म्हणालो. त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्याने मला दोन सोललेली संत्री खायला घातली.

नंतर एका दुपारी तो खुर्चीतून खाली कोसळला, हातपाय झटकायला लागला. नागपूरला नेलं, डोक्यात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, आणि आठव्या दिवशी तो गेला. दवाखान्याच्या जिन्यात मी डॉक्टरांना गाठून विचारलं होतं की दोन-तीन महिने आधी आलो असतो तर? डॉक्टर तरुण होते, दमलेले होते. म्हणाले, "सांगता येत नाही. कदाचित. कदाचित नाहीही." या दोन कदाचितांच्या मध्ये मी सहा आठवडे उभा आहे. झोपताना पहिला खरा वाटतो, उठताना दुसरा.

गेल्या रविवारी मी पांढुर्ण्याला गेलो, तो हे सगळं वहिनींना सांगायचं ठरवून. वाटेत दोनदा गाडी थांबवली, परत फिरावं असंही मनात आलं. वहिनी मागच्या खोलीत होत्या. कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्यांनी आपली जुनी साडी घडी करून टाकली होती, खुर्ची भिंतीकडे वळवून ठेवली होती. मी खाली सतरंजीवर बसलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, घोडा, जामसांवली, दिवाळी, संत्री. मान वर करायची हिंमत नव्हती. त्या ओरडतील, घराबाहेर काढतील, असंच वाटत होतं. काढलं असतं तर मी गेलोही असतो.

त्यांनी पदराचं टोक बोटांभोवती गुंडाळलं. मग म्हणाल्या, "मले माहीत होतं, भाऊजी."

"काय माहीत होतं?"

"पोळ्याच्या आधीपासूनच. एका दुपारी त्यायनं मले चारदा विचारलं, भाजी आणली का म्हणून. मी चारही वेळा हाव म्हटलं... जसं काही पहिल्यांदाच विचारून राहिले." पदराचं टोक त्यांच्या बोटांत पिळून पिळून दोरीसारखं झालं होतं. "तुम्ही सांगान, तुम्ही सांगान म्हणून मी वाट पाहत होती. तुम्ही त्यायचे दोस्त, तुमचं ऐकते ते."

"तुम्ही काहून नाही बोलल्या वहिनी?"

"भेव वाटलं."

एकाच घरात, एकाच माणसाच्या दोन बाजूंना आम्ही दोघं तोंड मिटून बसलो होतो, आणि मध्ये तो बिचारा खुशीत संत्री सोलत होता. मला वहिनींचा राग आला नाही. स्वतःचा राग थोडा तरी कमी होईल असं वाटलं होतं, तसंही झालं नाही. उलट एक नवीच भीती वाटायला लागली, की आम्ही माणसं अशीच असलो तर यापुढे कोण कोणाला काय सांगणार आहे?

त्या चहा ठेवायला उठल्या. मी त्या वळवलेल्या खुर्चीकडे पाहत बसलो. स्वयंपाकघरातून आवाज आला, "साखर कमी टाकू ना, भाऊजी?" भांडी वाजली. थोड्या वेळाने त्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या, हातात चमचा, आणि अगदी त्याच सुरात म्हणाल्या, "साखर कमी टाकू ना, भाऊजी?"

मला विलासचा घोडा आठवला. नेहमीसारखं गिळून टाकावं, मान हलवून मोकळं व्हावं, असं वाटलं. पण मी सतरंजीवरून उठलो, उभा राहिलो, आणि माझा आवाज मलाच परका वाटला.

"वहिनी, हे तुम्ही आत्ताच विचारलं. दुसऱ्यांदा विचारून राहिल्या तुम्ही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. माझा चेहरा कसा झाला असेल कोण जाणे, कारण त्यांचे डोळे एकदम भरून आले.

"हाव, विचारलं ना," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा तुम्ही बोललेच कुठं?"