खड्ड्याचा प्रश्न, सहा मार्क

प्रज्ञाचा पेपर मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. चांगला पेपर शेवटी तपासला की थकवा जरा कमी होतो. बारावीच्या प्रिबोर्डचा, म्हणजे बोर्डाआधीच्या सराव परीक्षेचा, लीगल स्टडीजचा गठ्ठा तसा लहानच असतो. शेगावच्या आमच्या शाळेत हा विषय घेणारी मुलं थोडी. त्यांत प्रज्ञा सगळ्यात नीट लिहिणारी. अक्षर साधं, पण एकही वाक्य फुकटचं नाही.

पहिली पानं तशीच होती. मग टॉर्टचा प्रश्न आला. सहा मार्कांचा. त्याखाली तिने तीनच ओळी लिहिल्या होत्या.

टॉर्ट म्हणजे काय ते आधी सांगते. एकाच्या चुकीने दुसऱ्याचं नुकसान झालं, तर नुकसान झालेला माणूस दिवाणी कोर्टात भरपाई मागू शकतो. अशा चुकीला टॉर्ट म्हणतात. निष्काळजीपणा हा त्यातला सगळ्यात नेहमीचा प्रकार. प्रश्न सँपल पेपरमधून घेतलेला होता. एका ठेकेदाराने रस्त्यावर खड्डा खणला. फलक लावला नाही, दिवा लावला नाही. अंधारात एक मोटरसायकलवाला त्यात पडून जखमी झाला. ठेकेदार जबाबदार आहे का? कारणं द्या.

आमच्याकडे उत्तरं इंग्रजीत लिहितात. प्रज्ञाच्या तीन ओळी मराठीत अशा होतात: सदर इसम भरधाव वेगात, हयगयीने व निष्काळजीपणे वाहन चालवून स्वतःच्या दुखापतीस कारणीभूत ठरला. कोणाविरुद्ध तक्रार नाही. प्रकरण निकाली.

मी शून्य दिलं आणि पेन खाली ठेवलं. शिक्षिका होण्याआधी मी बुलढाण्याच्या कोर्टात बरीच वर्षं वकिली केली आहे. नवऱ्याची बदली झाली म्हणून शेगावला आले आणि शाळेत लागले. त्यामुळे ही भाषा कुठली ते मला कळलं. पाठ्यपुस्तकात असं कुणी लिहीत नाही. ही पोलिसांच्या कागदावरची भाषा होती. सतरा वर्षांच्या मुलीला ती इंग्रजीत भाषांतर करण्याइतकी पाठ होती.

प्रिन्सिपल सरांनी निकालाचा तक्ता बघितला आणि मला बोलावलं. हिच्यावरच तर आपला निकाल उभा आहे, ही कशी घसरली, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बघते. ते म्हणाले, बघू नका, सुधारून घ्या.

दुसऱ्या दिवशी मी तिला लायब्ररीत बसवलं. पेपर समोर ठेवला आणि विचारलं की हे काय लिहिलंस. तिने त्या शून्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "मॅडम, आमच्या घरी असंच लिहून आलं होतं."

मग तिने सांगितलं. फार हळू, आणि माझ्याकडे न बघता.

ती मूळची वडनेर भोलजीची. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. शाळेसाठी ती शेगावला मामाकडे राहायची. मोठा भाऊ सुमेध आयटीआय करून मोताळ्याच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, इलेक्ट्रिशियन होता. प्रज्ञा दहावीत असताना, दिवाळीच्या तोंडावर, तो अंधार पडल्यावर गाडीने घरी येत होता. रस्त्यावर पाइप टाकण्यासाठी आडवा खड्डा खणून ठेवला होता. फलक नव्हता, दगडसुद्धा लावलेले नव्हते. सुमेध तिथेच गेला.

पोलिसांनी गुन्हा नोंदवला, तो सुमेधवरच. त्याने गाडी निष्काळजीपणे चालवली आणि स्वतःच्या मरणाला कारणीभूत झाला, असा. बाहेरच्या माणसाला हे खोटं वाटेल, पण असं होतं. आरोपीच मयत असल्यामुळे खटला चालत नाही. प्रकरण बंद होतं, आणि ठेकेदाराचं नाव कुठल्याच कागदावर येत नाही. ठाणं कोणतं आणि ठेकेदार कोण, ते मी इथे सांगणार नाही.

"बाबानं तो कागद घरी वाचाले लावला मले," ती म्हणाली. "आईले समजत नव्हता म्हणून. दोनतीनदा वाचला."

मी वही उघडली. शिक्षकाला सुचलं नाही की तो शिकवायला लागतो.

माझी पद्धत अशी आहे. अशा प्रश्नाचं उत्तर चार तुकड्यांत लिहायचं. आधी मुद्दा काय ते एका वाक्यात. मग कायदा काय म्हणतो ते. मग तो कायदा प्रश्नातल्या माणसांना लावून दाखवायचा. शेवटी निष्कर्ष, हो किंवा नाही. मुलं दुसऱ्या तुकड्यावर पान भरतात आणि तिसरा विसरतात. मार्क मात्र तिसऱ्यालाच जास्त असतात. निष्काळजीपणात तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. समोरच्यावर काळजी घेण्याची जबाबदारी होती, ती त्याने मोडली, आणि त्यामुळेच नुकसान झालं.

ती लिहायला लागली. मुद्दा लिहिला, कायदा लिहिला. ठेकेदाराची जबाबदारी होती इथपर्यंत आली. मग परत लिहिलं की मोटरसायकलवाला वेगात होता.

मी तिला थांबवलं. ही चूक सगळीच मुलं करतात आणि मी सगळ्यांना तेच सांगते. प्रश्नात नसलेलं तथ्य उत्तरात आणायचं नाही. मी विचारलं, "प्रश्नात वेग कुठे लिहिलाय? तू कुठून आणलास?"

तिने पहिल्यांदा वर पाहिलं.

"तिथंई कोणी पाह्यला नव्हता, मॅडम."

लायब्ररीत दुसरं कोणी नव्हतं, ते बरं झालं. मी खिडकीजवळ जाऊन उभी राहिले. परत आले तेव्हा तिने ते वाक्य खोडलं होतं, फाटेल इतकं दाबून.

त्यानंतर ती रोज मधल्या सुट्टीत यायची. मी तिला खड्ड्याऐवजी दुसरे प्रश्न देऊन पाहिले. शेजाऱ्याचं कुत्रं, सिनेमागृहातली ओली पायरी, दुकानातली बाटली. ती ते सहज लिहायची. खड्डा आला की तिसऱ्या तुकड्यावर हात थांबायचा. मी म्हटलं, हा प्रश्न सोडून दे, पर्याय असतो. ती नको म्हणाली. तिला तोच लिहायचा होता.

एका दुपारी तिने तो पूर्ण लिहिला. ठेकेदाराने रस्ता खणला म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याची काळजी घेणं त्याच्यावर आलं. फलक नाही, दिवा नाही, म्हणजे जबाबदारी मोडली. खड्डा झाकलेला असता तर माणूस पडला नसता. मोटरसायकलवाल्याचीही चूक होती असं ठेकेदार म्हणेल, पण ते त्याने सिद्ध करावं लागेल, आणि झालं तरी भरपाई कमी होईल, माफ होणार नाही. निष्कर्ष: ठेकेदार जबाबदार.

मी सहापैकी सहा दिले. इतकं स्वच्छ उत्तर मी वर्गात क्वचित बघितलंय. काही ज्युनिअर वकिलांच्या नोटिशीही इतक्या स्वच्छ नसतात.

ती खूश झाली नाही. पेपर हातात धरून म्हणाली, "म्हणजे हे खरं असते काय? बाबाले दावा टाकता आला असता?"

मी हो म्हटलं. मुलगा गेला तर आई-वडिलांना दावा करता येतो. त्यासाठी वेगळा जुना कायदा आहे. पोलिसांनी काय लिहिलं त्याने दिवाणी कोर्ट बांधलेलं नसतं.

"आता टाकता येते?"

वकिलाचं डोकं आपोआप मोजतं. ती दहावीत होती, आता बारावीचा जानेवारी. अशा दाव्याला मृत्यूपासून दोन वर्षांची मुदत असते. मुदत मागच्या दिवाळीच्या सुमारास संपली होती. अपिलाला उशीर झाला तर कोर्ट कारण ऐकून माफ करतं. दाव्याला ती सोय नाही. मी तिला हे सगळं सांगितलं. लपवून उपयोग नव्हता, ती पुस्तक उघडून शोधणारच होती.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "टॉर्टचा धडा तुम्ही पोळ्याच्या आधी शिकवला होता."

तिच्या आवाजात दोष नव्हता. नुसती तारखांची जुळणी होती. धड्यात मुदतीबद्दल एक ओळ नाही. मला तिच्या घरचं ठाऊक नव्हतं. तिला कायदा ठाऊक नव्हता. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत, मुदत शिल्लक असताना, ती माझ्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसलेली होती.

नागपूरला हायकोर्टात माझी एक मैत्रीण आहे. मी तिला फोन केला. तिने वकिलासारखे प्रश्न विचारले. खड्ड्याचा फोटो आहे का? पडताना कुणी पाहिलं का? गावकऱ्यांनी आधी कधी अर्ज दिला होता का? काहीच नव्हतं. सुमेधच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे मरणानंतरच्या विधीच्या, आधीच खड्डा बुजवून त्यावर डांबर पडलं होतं. घरातली माणसं तेव्हा फोटो काढायच्या स्थितीत नव्हती. मैत्रीण म्हणाली की रिट, म्हणजे थेट हायकोर्टात अर्ज, करता येईल, पण कोर्ट सांगेल की तथ्यांवर वाद आहे, खालच्या कोर्टात जा. आणि खालचं दार बंद झालंय. फौजदारी तक्रार मात्र अजून करता येईल, प्रकरण परत उघडा म्हणून अर्ज देता येईल. किमान कागदावरचं आरोपीचं नाव बदलण्याचा प्रयत्न करता येईल.

तेवढं सांगायला मी एका रविवारी वडनेरला गेले. घर स्वच्छ, पुढच्या खोलीत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि शेजारी सुमेधचा आयटीआयच्या गणवेशातला फोटो. प्रज्ञाचे वडील वर्कशॉपच्या माणसासारखे, हात धुऊनही काळे राहिलेले. त्यांनी जय भीम केला, मला खुर्ची दिली आणि स्वतः खाटेच्या कडेवर बसले. आई चहा ठेवायला आत गेली.

मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. दाव्याची मुदत गेली हे ऐकल्यावर फक्त विचारलं की कोणी सांगतलं काऊन नाई. मग स्वतःच म्हणाले की सांगणार तरी कोण. मी फौजदारी अर्जाचं बोलले. जबाब द्यावे लागतील, आईचाही होईल, वेळ लागेल, पण त्याच्या नावावरचा ठपका काढायचा प्रयत्न तरी होईल, असं म्हटलं.

ते आतल्या दाराकडे बघत होते.

"मॅडम, थे आता कुठं झोपाले लागली," ते हळू आवाजात म्हणाले. "पोलीस घरी आले तं पुन्हा तोच दिवस उभा राह्यते. पोरगं तं येत नाई. ऱ्हाऊ द्या."

प्रज्ञा भिंतीला टेकून उभी होती. मला वाटलं ती वडिलांशी वाद घालेल. वाद घालायला लागणारं सगळं तिला येत होतं. ती आत गेली आणि आईच्या हातून चहाचा ट्रे घेऊन आली.

मीही पुढे रेटलं नाही. अशिलाने नको म्हटलं की वकिलाने थांबायचं असतं. ते तर माझे अशीलही नव्हते.

मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा झाली. टॉर्टवर प्रश्न आला तो कारखान्याच्या धुराचा होता. प्रज्ञाने तो पूर्ण लिहिला. निकालात ती या विषयात शाळेत पहिली आली. प्रिन्सिपल सरांनी गेटवर फ्लेक्स लावला, त्यावर तिचा फोटो. त्यांनी माझंही कौतुक केलं, मुलीला वेळेत सुधारून घेतलं म्हणून.

ती दाखला न्यायला आली तेव्हा मी विचारलं की लॉला जाणार ना. अकोल्याला सहज प्रवेश मिळाला असता. तिने खामगावला बीएचा फॉर्म भरला होता. मी कारण विचारलं.

"उत्तर लिहता येते मले, मॅडम," ती म्हणाली. "तेवढं पुरे झालं."

वाकून नमस्कार करून ती गेली. त्यानंतर एकदोनदा मेसेज आला, सणाला येतो तसा.

मी अजून तोच विषय शिकवते. उत्तराचे चार तुकडे तसेच आहेत, त्यांनी मार्क मिळतात. टॉर्टचा धडा संपला की मी फळ्यावर आणखी थोडं लिहिते. कोणत्या दाव्याला किती मुदत. ती कोणत्या दिवसापासून धरायची. अपघात झाला तर पहिल्या दिवशी फोटो कशाचे काढायचे आणि पंचांची नावं कुठे लिहून घ्यायची. हे अभ्यासक्रमात नाही. कोणीतरी हात वर करून विचारतं की हे परीक्षेत येते काय. मी नाही म्हणते. मग बहुतेक मुलं पेन खाली ठेवतात.