छावणीतल्या गाईची रोजची खबर

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी मी आईला गंगापूरकडच्या आमच्या गावाहून वाळूजला, माझ्या दोन खोल्यांत आणलं. गावात टँकरचा भरवसा नव्हता आणि घरात ती एकटीच होती. तांबडी गाय चारा छावणीत ठेवलीय, असं तिला सांगितलं. खरं तर मी ती विकून टाकली होती.

जनावरांपुढं वैरण पडल्याशिवाय आई आयुष्यात कधी जेवली नाही. इथंही ताट पुढं आलं की विचारायची, "गाईनं खाल्लं का रं?" मला कंपनीची बस गाठायची घाई. "मला काय माहीत?" असं खेकसून मी निघायचो. दोन-तीन महिन्यांत तिच्या बांगड्या कोपराकडं सरकायला लागल्या. बायकोही कामावर जायची, शेजाऱ्यांची दारं बंद. आई दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. मला वाटायचं, म्हातारी नाटकं करतेय. आता सांगायला लाज वाटते, पण असंच वाटायचं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मनाचा आजार आहे, गोळ्या द्या आणि त्यांच्याशी बोलत जा. गोळ्या आणल्या. बोलायला वेळ कुणाला होता? मग मी एक शक्कल काढली. रोज सकाळी तिच्याजवळ टेकायचो आणि सांगायचो, "छावणीतनं फोन आला होता. कडबा खाऊन गाय निवांत बसलीय." कधी म्हणायचो, आज उसाचं वाढं होतं, तिनं तोंड फिरवलं. आई दोन-चार गोष्टी खोदून विचारायची आणि भाकरी मोडायची. हळूहळू अंगावर मूठभर मांस चढलं. मी आपल्या हुशारीवर खूश.

एका सकाळी उशीर झाला म्हणून तसाच पळालो. संध्याकाळी आलो तर ताट झाकलेलंच. माझं डोकं फिरलं.

"अगं, खाल्लं गाईनं. जेव की आता."

"गाय तू इकली, ठावं हाय मला. गावचा माणूस भेटाय आला तवाच सांगून गेला."

"मग रोज कशाला विचारत होतीस?"

"तेवढाच येळ तू माझ्यापाशी बसत व्हतास."

बूटही न काढता मी तिच्याजवळ बसलो. पण गाईशिवाय तिच्याशी काय बोलायचं, तेच मला सुचेना.