राबाचा धूर

आज सकाळी राब भाजल्याचा वास घरात आला आणि, बाळांनो, तुमचे आजोबा गेले त्यानंतरचा उन्हाळा आठवला. ते गेल्यापासून मला रडू आलं नव्हतं, झोपही नव्हती. जव्हारच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, वाईट विचार आला की लांब श्वास घ्या आणि मनाशी म्हणा, सगळं ठीक होईल. मी रोज ठरल्या वेळी ओटीवर ताठ बसून ते म्हणत असे, आणि त्यातल्या एकाही शब्दावर माझा विश्वास बसत नसे. एकदा शेजारीण म्हणाली, "डोळं मिटून काय बसलीस, बाय? चल, राबाला माणूस कमी हाय." भाताची रोपं जिथे पेरून वाढवायची तिथे तिने शेण आणि पाला पसरून वर माती टाकली होती, जाळ भडकू न देता ते आतल्या आत भाजायचं असतं, तोच राब. मी हिरव्या फांदीने जाळ दाबत राहिले. धुराने डोळ्यांत पाणी आलं आणि मग ते थांबेचना. तिने माझ्याकडे वळून पाहिलं नाही. "रड, बाय. धुरात कोण इचारतंय?" मन शांत झालं असं नाही; ते आजही झालेलं नाही. ती शेजारीणही आता राहिली नाही. आजचा धूर दुसऱ्याच कुणाच्या शेतातला होता, तरी मी खिडकी लावली नाही, खुर्ची ओढून खिडकीपाशीच बसले.