मशिदीच्या पायरीवरचं पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतेय? माझं मलाच कळत नाही.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. धुळ्याला, देवपुरात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी मशीद होती आणि तिला लागून एक हॉल. तिथे दुपारी शिवणक्लास चाले, सगळ्या जातीधर्माच्या बायका यायच्या. मी आणि शेजारची सुमन एकाच मशीनवर शिकलो — म्हणजे भांडत शिकलो. हॉल सांभाळणारे म्हातारे करीमचाचा संध्याकाळच्या नमाजानंतर पायरीवर येत. आयाबाया आजारी पोरं घेऊन, नाहीतर नुसता पाण्याचा तांब्या घेऊन रांगेत उभ्या असत. चाचा दुआ म्हणून फुंकर घालत. कुणी काही देऊ केलं तर रागवत.

सुमनच्या लेकीला ताप होता. "अक्का, तूच पानी लई ये ना," ती म्हणाली. मी गेले. चाचांनी तांब्यावर फुंकर घातली, पोरीचं नाव विचारलं. परतताना ठेच लागली — सगळं पाणी सांडलं. पुन्हा रांगेत उभं राहायला काय झालं होतं मला? घरी स्टोव्हवर डाळ होती, एवढंच. गटारीलगतच्या फुटक्या नळावर मी तांब्या भरला. म्हटलं, पाणी ते पाणी. चाचांचं समजून सुमनने तेच पोरीला पाजलं.

त्या रात्री पोरीला जुलाब-उलट्या लागल्या. सलाईनवर जेमतेम वाचली. गल्ली म्हणू लागली, मशिदीतल्या पाण्यात काहीतरी होतं. दिवस आधीच वाईट होते, तेवढं निमित्त पुरलं. पायरीवरची रांग मोडली. बायका क्लासला जाईनात, हॉलला कुलूप लागलं. आणि मी? मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

मग एकदा चाचा सुमनच्या दारात आले. आत नाही आले. हात जोडून म्हणाले, "मन्हीच फुंकमा काही खोट व्हई, बेटी. माफ कर." मी तिथेच होते — मेथी निवडत. एक वाक्य पुरलं असतं. मी मान वर केली नाही.

पुढे त्यांच्या सुनेकडून कळलं — त्या दिवसानंतर त्यांनी कुणावरच फुंकर घातली नाही. घरचा नातू तापाने फणफणला, ती रडत पाया पडली, तरी नाही. काही वर्षांनी ते गेले, खोट आपल्यातच आहे असं मानून.

मी त्यांना तसं मानू दिलं.