तिसऱ्या मजल्यावरचे अकरा महिने

"त्यांना सांगा, आता धीर धरावा लागेल," डॉक्टर माझ्या नवऱ्याला म्हणाले.

मी त्या दोघांच्या मधे पलंगावर होते, पूर्ण शुद्धीत. ऐकू येत होतं. मराठीही कळत होतं. तेवीस वर्षं मी शाळेत तेच शिकवत होते. बधिर झालं होतं ते कमरेखालचं. डॉक्टरांच्या लेखी बहुधा सगळीच मी.

"पण झालंय काय तिला?" इक्बालांनी विचारलं.

"ट्रान्सव्हर्स मायलायटिस."

मेंदूचे निरोप पाठीच्या कण्यातून खाली नेणारी एक दोरी असते, मज्जारज्जू. तिला एका ठिकाणी आडवी सूज येते आणि निरोप तिथेच अडकतात. शरीराची रोगाशी लढणारी फौज चुकून आपल्याच माणसांवर उलटते, असं मला नंतर एका शिकाऊ डॉक्टरणीने समजावलं. का उलटते? "बऱ्याचदा कारण सापडत नाही." मला चव्वेचाळिसावं लागलं होतं.

आधीचे तीन दिवसही सांगते, कुणाच्या तरी उपयोगी पडतील. पहिल्या दिवशी नववी 'ब'च्या वर्गात फळ्यावर लिहिताना पायाच्या तळव्यांना मुंग्या आल्या. दुसऱ्या दिवशी कमरेभोवती परकराची नाडी कुणीतरी आवळून बांधल्यासारखं वाटायला लागलं. नाडी सैल केली तरी तसंच. संध्याकाळी लघवी होईना. उन्हाळा आहे, पाणी कमी पडलं असेल, असं म्हणून मी धण्याचं पाणी प्यायले. तिसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली सोडायला गेले, तर पाय आले नाहीत. कमरेभोवती असा पट्टा आवळल्यासारखा वाटला आणि लघवी तुंबली, तर धण्याचं पाणी पीत बसू नका. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

एमआरआय झाला. लंबर पंक्चर झालं, म्हणजे कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून आतलं पाणी तपासायला काढतात. पाच दिवस स्टिरॉइडच्या बाटल्या चढल्या. फरक पडेना, म्हणून प्लाझ्मा एक्स्चेंज केलं. त्यात रक्तातला पातळ भाग काढून नवा भरतात. रोज सकाळी डॉक्टर पायाच्या अंगठ्याला टाचणी लावून विचारायचे, "टोचतंय?" मी त्यांच्या चेहऱ्यावरून बरोबर उत्तराचा अंदाज बांधायचे. विद्यार्थी तोंडी परीक्षेत जसे माझ्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देत, तशी. नापासच व्हायचे.

"काहीजण पूर्ण बरे होतात, काही थोडे, काही होत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "सहा महिन्यांत कळेल." हेही इक्बालांनाच.

पुढचे दोन महिने रिहॅबचे. तिथली माणसं आपल्या कामात वाकबगार. बेडसोअर, म्हणजे एकाच कुशीवर पडून होणारी जखम, टाळायला दर दोन तासांनी कूस कशी बदलायची ते शिकवलं. दर चार-पाच तासांनी नळी घालून स्वतःची लघवी स्वतः काढायला शिकवलं. पलंगावरून व्हीलचेअरवर सरकायला शिकवलं. घरी सोडताना हातात कागद दिला. त्यात 'मनःस्थिती' असा एक रकाना होता. त्यापुढे लिहिलं होतं, 'सहकार्य करते'.

दोन महिन्यांत मला कुणी विचारलं नव्हतं, की बाई, तुम्हाला आत काय होतंय. मी आरडाओरडा करत नव्हते, नळी नीट घालत होते. म्हणजे मनःस्थिती उत्तम.

आमचं घर बिबवेवाडीत, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. इक्बालांचं कसबा पेठेत घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. शेजारच्या तांबटाच्या दुकानातले दोघे भाऊ आले आणि त्यांनी मला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून वर नेलं. दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबले तेव्हा एक दार उघडलं. शेजारणीने माझ्याकडे बघितलं आणि इक्बालांना विचारलं, "भाभींना चहा चालेल का हो?"

हेच मी वर्गात शिकवायचे. जो बोलतो तो प्रथमपुरुष, ज्याच्याशी बोलतात तो द्वितीयपुरुष, ज्याच्याविषयी बोलतात तो तृतीयपुरुष. पाय गेल्यावर मी कायमची तृतीयपुरुषी झाले.

पहिले पंधरा दिवस घर माणसांनी भरून गेलं. नणंदेने सांगितलं, "अल्लाह ज्याच्यावर माया करतो त्यालाच आजमावतो." समोरच्या कुलकर्णी काकूंनी सांगितलं, "मागच्या जन्मीचं काहीतरी असतं हो." निवड मुद्दाम माझीच झालीय, याबाबतीत तरी दोन्ही घरांत एकमत झालं. शाळेतल्या बाया सफरचंदं घेऊन आल्या, रडल्या, आणि जाताना म्हणाल्या, "तुम्ही फायटर आहात." मग सफरचंदं संपली आणि माणसंही.

मुख्याध्यापकांचा फोन आला. वर्ग दुसऱ्या मजल्यावर, ग्रंथालय पहिल्या मजल्यावर. "तळमजल्यावर नववी बसवता येईल का?" मी विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, मुलांच्या मनावर परिणाम होतो." माझ्या मनाचा विषय त्या फोनमध्ये निघाला नाही.

मग माझं जग म्हणजे एक खोली. सकाळी डोळे उघडले की आधी वाईट वाटायचं, उघडले म्हणून. व्यायाम बंद केले. केस विंचरायचं बंद केलं. इक्बाल दुकानात जाण्याआधी उशाशी डबा, पाणी, नळ्या ठेवून जायचे आणि संध्याकाळी डबा तसाच उचलायचे. एकदा त्यांनी चिडून विचारलं, "मेहरू, तुला जगायचंय की नाही?" मी खरं तेच उत्तर दिलं. ते तिथेच जमिनीवर बसले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दुकान अर्धा दिवस केलं, तेवढ्या वेळापुरतं नणंदेला माझ्याजवळ बसवलं आणि मला एकटीला सोडणं बंद केलं.

तपासणीला नेलं तेव्हा मेंदूविकाराचे डॉक्टर म्हणाले, "एमआरआय सुधारलाय की. मग रडताय कशाला?" टाचणीचा प्रश्न सोडला तर पहिल्यांदाच ते थेट माझ्याशी बोलले होते, आणि तेही हे. इक्बालांनी त्यांना आदल्या आठवड्यातलं सगळं सांगितलं. तेव्हा कुठे त्यांनी मानसोपचारतज्ज्ञाकडे चिठ्ठी दिली.

मानसोपचारतज्ज्ञांचा दवाखाना पहिल्या मजल्यावर. जिना अरुंद. इक्बाल वर जाऊन आले आणि म्हणाले, "सर खाली येतायत." माझ्या मनाची पहिली तपासणी पार्किंगमध्ये, दोन स्कूटरच्या मधे झाली. माणसं गाड्या काढत होती, "जरा सरकता का?" म्हणत होती. डॉक्टर एका स्टुलावर बसले. त्यांना मनापासून लाज वाटत होती, आणि ते त्यांनी बोलून दाखवलं. इक्बालांना त्यांनी थोडं लांब उभं राहायला सांगितलं आणि मला विचारलं, "मरावंसं वाटतं?"

"हो."

"रोज?"

"रोज."

याला ते डिप्रेशन म्हणाले. नुसतं दुःख नव्हे. झोप, भूक, इच्छा सगळ्याचाच चाप बिघडणं. आजार आहे, आळस किंवा कमकुवतपणा नाही. गोळ्या दिल्या. घरातल्या कुणी कशावर लक्ष ठेवायचं ते इक्बालांना समजावलं. आणि म्हणाले, "गोळ्यांनी झोप येईल. पण तुम्हाला तुमच्यासारखी माणसं भेटायला हवीत. ती मला लिहून देता येत नाहीत." तरी त्यांनी एक नंबर लिहून दिलाच.

नंबर विद्या आगाशे यांचा. बँकेतून निवृत्त, लहानपणी पोलिओ, दोन्ही पायांत कॅलिपर, म्हणजे आधाराच्या लोखंडी पट्ट्या. मी फोन केला नाही, इक्बालांनी केला. मग त्यांचा मला आला.

"आगाशे बोलतेय. आमची माणसं एक रविवार सोडून भेटतात. कधी येताय?"

"मला जिना उतरता येत नाही."

"ते मला तुमच्या शेखसाहेबांनी सांगितलंय. मी कधी येताय ते विचारलं."

मी फोन ठेवून दिला. पुण्यात सहानुभूतीसुद्धा अशी मिळते.

पुढच्या रविवारी दुपारी चारला खालून हाका आल्या. "शेखबाई! ओ शेखबाई!" एक हाक बाईची, दोन-तीन पुरुषांच्या. इक्बालांनी माझी खुर्ची गॅलरीत नेली. पण गॅलरीचा कठडा उंच. खुर्चीत बसून मला फक्त आकाश आणि समोरच्या इमारतीवरच्या टाक्या दिसत होत्या. इक्बाल वाकून बघत मला सांगत होते, "चौघं आहेत. दोन व्हीलचेअर, एक काठीवाला, आणि तीन चाकी स्कूटरवर आगाशेबाई."

तेवढ्यात सोसायटीच्या अध्यक्षांचा आवाज आला. "काय प्रकार आहे हा? दुपारची वेळ आहे."

"भेटायला आलोय," आगाशेबाई म्हणाल्या. "लिफ्ट असती तर वर जाऊन बेल वाजवली असती. तुम्ही आम्हाला उचलताय का? मी पासष्ट किलो आहे."

मला अकरा महिन्यांत पहिल्यांदा हसू फुटलं, आणि हसता हसता रडू.

"शेखबाई, तुम्ही दिसत नाही," त्या ओरडल्या. "हात वर करा!"

मी हात वर केला. खालून आवाज आला, "दिसला! दिसला!" जणू ईदचा चांद. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. त्या चौघांना माझा चेहरा माहीत नव्हता, मला त्यांचे. दहा-पंधरा मिनिटं ती माणसं उन्हात उभी होती, म्हणजे बसली होती, आणि माझ्या हाताशी गप्पा मारत होती. जाताना आगाशेबाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी तुम्ही खाली. आमच्याने रोज ओरडवत नाही."

तांबट भाऊ पुन्हा आले आणि मी खाली उतरले.

गट बिबवेवाडीतच एका कार्यालयाच्या तळमजल्यावरच्या खोलीत भेटतो. पहिल्याच दिवशी आगाशेबाईंनी नियम सांगितला, "इथे कोणी कोणाला प्रेरणा द्यायची नाही." दृष्टी गेलेले एक प्राध्यापक आहेत, ते भाजीवाल्यावर अर्धा तास चिडतात. अपघातात मणका मोडलेला तुषार आयटीत आहे. लग्न ठरलेलं मोडलं, ते तो दर वेळी नव्याने सांगतो आणि आम्ही दर वेळी नव्याने ऐकतो. मी पहिल्या दिवशी सांगितलं, की नळी घालताना मला स्वतःची घाण वाटते. तुषार म्हणाला, "मॅडम, मला पण वाटायची. वर्षभर. मग बोअर झालं." माझ्या सगळ्या औषधोपचारात हे वाक्य मी वरच्या क्रमांकावर ठेवते.

बरं झालं म्हणावं तर पाय तसेच आहेत. गोळ्या दोन वर्षांनंतरही चालू आहेत, कमी झाल्यात. मरावंसं वाटतं अजून, कधीतरी. फरक एवढाच, की तेव्हा मी फोन करते आणि समोरचा माणूस दचकत नाही.

सोसायटीच्या सभेत आम्ही जिन्याला सरकती खुर्ची बसवण्याची परवानगी मागितली, आमच्या पैशाने. "एका माणसासाठी जिन्याची शोभा जाईल," असं ठरलं. सेक्रेटरींच्या आई दोन वर्षं खाली उतरलेल्या नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी आम्ही एकोणीस वर्षांचं घर सोडून कात्रजला तळमजल्यावर राहायला गेलो. निरोपाला सोसायटीने शाल-श्रीफळ दिलं. समारंभ पार्किंगमध्ये ठेवला होता, 'मॅडमना सोयीचं व्हावं म्हणून'.

आजाराने मला शहाणं केलं, असं या प्रकारच्या लेखात शेवटी म्हणतात. मला तसं म्हणता येत नाही. मी आधीही पुरेशी शहाणी होते, आणि मला पायांसकट चाललं असतं. आभार मानायचे तर आजाराचे नाही. इक्बालांचे, त्या तांबट भावांचे, पार्किंगमध्ये स्टुलावर बसलेल्या डॉक्टरांचे, आणि उन्हात ओरडणाऱ्या त्या चौघांचे.

गेल्या महिन्यात तपासणीला गेले होते. प्रतीक्षागृहात शेजारी एक बाई आणून बसवल्या, पस्तिशीच्या असतील. नवी कोरी व्हीलचेअर, पायांवर चादर, हातावर सलाइनची पट्टी अजून तशीच. स्वागतकक्षातल्या मुलीने त्यांच्या नवऱ्याला विचारलं, "पेशंटचं वय काय?"

मी त्या बाईंकडे वळून विचारलं, "नाव काय तुमचं?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "अर्चना," त्या म्हणाल्या. मग एकदम माझ्या चाकावर हात ठेवून, "तुम्हाला पण मायलायटिसच झालं होतं? बरं होतं का हो हे?"

"माझं नाही झालं," मी म्हणाले. "तुमचं होईलही. आत्ता कुणालाच माहीत नाही. कुणी सांगितलं तरी त्यांनाही नाही."

नवरा भडकला. "असं कसं सांगता हो तुम्ही? डॉक्टरांनी पॉझिटिव्ह राहायला सांगितलंय." पण अर्चना रडायला लागल्या होत्या. मोकळ्या आवाजात, चारचौघांत. बहुधा दाखल झाल्यापासून पहिल्यांदाच. चाकावरचा हात त्यांनी काढला नाही.

आतून माझं नाव पुकारलं. इक्बाल खुर्ची ढकलायला पुढे आले. मी ब्रेक लावला आणि त्या मुलीला सांगितलं, "पुढचा पेशंट घ्या. आम्ही बोलतोय."